लॉस एंजेलिसमधील आर्मेनियन समाज : एका वसाहतीचा इतिहास

इतिहासाचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे सहसा राजे, लढाया आणि तह उभे राहतात. आज आम्ही ज्यांचा वृत्तान्त सांगणार आहोत, त्यांच्यापाशी शतकानुशतके ना राज्य होते ना सैन्य. तथापि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, लॉस एंजेलिस शहर आणि त्याच्या परिसरात, त्यांची जी वसाहत उभी राहिली आहे तिची गणना जगातील मोठ्या आर्मेनियन वसाहतींत होते. अमेरिकन जनगणनेत त्या परगण्यात आपले मूळ आर्मेनियन म्हणून नोंदविणारांची संख्या दोन लाखांच्या घरात जाते. ही माणसे एका गावाहून, एका वेळी, एका गलबतातून आलेली नाहीत. ती आली तुर्कस्तानातून, रशियातून, लेबनॉनमधून, इराणातून. आणि बहुधा प्रत्येक वेळी मागे काहीतरी जळत असताना आली. या वसाहतीच्या इतिहासातील विलक्षण गोष्ट हीच की, जेव्हा जेव्हा ती अमेरिकेच्या महासागरात विरघळून जाण्याच्या बेतात आली, तेव्हा तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आर्मेनियनांवर संकट कोसळले आणि तिला नवी भरती आली. दुसरीकडचा नाश हीच ज्या समाजाची वाढ, त्याने आपल्या पायांवर उभे राहावे ते कसे, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

हे लोक आपणांस अगदीच अनोळखी नाहीत. मोगलाईच्या काळात सुरतेच्या पेठेत आर्मेनियन व्यापारी होते. मुंबईच्या कोटात त्यांनी १७९६ साली आपले देऊळ बांधले. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक आर्मेनियात निघाले नाही. ते १७९४ साली मद्रास येथे 'अझ्दारार' या नावाने निघाले, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. मूळ भूमीपासून दूर जावे, तेथे देऊळ बांधावे, छापखाना काढावा आणि आपली अक्षरे जपावी, ही या लोकांची जुनी रीत आहे. ते स्वतःला 'हाय' म्हणवितात व देशाला 'हायास्तान' म्हणतात. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पाचव्या शतकाच्या आरंभी मेस्रोप माश्तोत्स या साधूने त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र वर्णमाला रचली. पुढे अरारात पर्वताभोवतीचा तो प्रदेश तुर्क, इराणी आणि रशियन या तीन साम्राज्यांत वाटला गेला. राज्य गेले, पण धर्मपीठ आणि लिपी राहिली. या दोन वस्तू गाठोड्यात बांधून नेता येतात.

अमेरिकेकडे त्यांचा ओघ वाहू लागला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८९४ ते १८९६ या काळात सुलतान अब्दुल हमीद याच्या राजवटीत आर्मेनियनांच्या भयंकर कत्तली झाल्या. तत्पूर्वीच अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळांत शिकलेले तरुण मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्याकारखान्यांत येऊन पोहोचले होते. वुस्टर गावातील तारेच्या कारखान्यात राबणाऱ्या या मजुरांनी १८९१ साली अमेरिकेतील पहिले आर्मेनियन चर्च बांधले. कॅलिफोर्नियाची वाट दाखविली ती फ्रेस्नो येथे १८८१ साली आलेल्या सेरोपियन बंधूंनी. फ्रेस्नोची जमीन द्राक्षांची. हवा कोरडी, ऊन भरपूर. ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षमळे पिकत, त्यांना आणखी काय पाहिजे? थोड्याच वर्षांत तेथील बेदाण्याच्या धंद्यात आर्मेनियनांनी चांगलेच बस्तान बसविले. लॉस एंजेलिस हे त्यामानाने मागून पुढे आलेले ठिकाण.

त्या शहरात आलेल्या पहिल्या मोठ्या गटाची कथा मोठी मनोरंजक आहे. रशियाच्या ताब्यातील कार्स प्रांतात काराकाला नावाचे खेडे होते. तेथील आर्मेनियनांत शेजारच्या रशियन मोलोकान पंथाच्या सहवासाने भक्तिपंथ रुजला होता. त्यांच्यात अशी कथा सांगितली जाते की, एका रशियन बालकाने भावावेशात आगामी संहाराचे भविष्य वर्तविले व समुद्रापलीकडच्या पश्चिम भूमीकडे बोट दाखविले. तोच पुढे प्रौढ झाल्यावर 'आता निघा' असे म्हणाला. भविष्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु १९०५ च्या सुमारास काही कुटुंबे खरोखरच घरदार विकून निघाली आणि लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडील बॉइल हाइट्स या मजूरवस्तीत येऊन राहिली. दहा वर्षांनी मागे राहिलेल्या मुलखात काय घडले ते आपण पुढे पाहणारच आहोत. या मंडळींपैकी कोणी गाई पाळल्या, कोणी भाजीपाल्याचा व्यापार केला. आणि अनेकांनी, इतर कोणी हात लावीना असा शहराचा केरकचरा वाहून नेण्याचा धंदा पत्करला. शाकारियन घराण्याच्या थोड्याशा गाईंपासून पुढे अमेरिकेतील मोठ्या दुग्धालयांपैकी एक उभे राहिले. दुसरीकडे इस्तंबूल आणि अनातोलियातून आलेले काही जण गालिच्यांच्या व्यापारात शिरले. कचऱ्याची गाडी आणि गालिच्याचे दुकान, या दोन टोकांमध्ये या वसाहतीचा संसार सुरू झाला.

परंतु राहणे निराळे आणि नागरिक होणे निराळे. अमेरिकेच्या तत्कालीन कायद्याप्रमाणे 'गोऱ्या' माणसाला, आणि यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला, नागरिकत्व मिळे. आशियाई मनुष्यास ते मिळत नसे. मग आर्मेनियन कोण? त्यांचा देश तर आशियात! १९०९ साली बॉस्टनच्या न्यायालयाने हालाजियन व इतर तिघा आर्मेनियनांना गोरे ठरविले. तरी वाद संपला नाही. १९१३ साली कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की, ज्याला नागरिक होण्याची पात्रता नाही त्याने शेतजमीन विकत घेऊ नये. म्हणजे आता 'गोरा' या एका शब्दावर शेत, मळा, घरदार सारे टांगले गेले.

या ठिकाणी आपल्या देशाचा धागा या कथेत येऊन मिळतो. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ अमेरिकन सैन्यात नोकरी केलेले. त्यांच्या नागरिकत्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. अहमदाबादेस १८७५ साली जन्मलेले पंडित १९०६ साली अमेरिकेत गेले, १९१४ साली तेथील नागरिक झाले व पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. वंशशास्त्रदृष्ट्या हिंदी मनुष्य 'कॉकेशियन' ठरतो, असा थिंद यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९२३ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तो फेटाळला. 'गोरा' कोण हे शास्त्र ठरवीत नाही, सामान्य माणसाची समजूत ठरविते, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर सरकारने अनेक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याचे दावे लावले. पंडितांवरही तो प्रसंग आला. त्यांनी तो दावा नेटाने लढविला आणि १९२६ साली वरिष्ठ न्यायालयात जिंकला.

त्याच लाटेत १९२४ साली पोर्टलंडचे गालिच्यांचे व्यापारी तातोस कार्तोझियन यांच्यावर सरकारने दावा लावला. आता प्रश्न एकट्या कार्तोझियन यांचा नव्हता. कॅलिफोर्नियातील प्रत्येक आर्मेनियन शेतकऱ्याचा होता. समाजाने वर्गणी जमविली, नामांकित मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्यासारखे साक्षीदार उभे केले. आर्मेनियन ख्रिस्ती आहेत, ते अमेरिकनांशी सहज विवाह करतात आणि त्यांच्यात मिसळून जातात, हे पुराव्यानिशी दाखविले गेले. १९२५ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. एकाच कायद्याच्या दारातून एका आशियाई समाजाला आत घेतले व दुसऱ्याला बाहेर ठेवले. जिंकणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्यापुढे जगण्यामरण्याचा प्रश्न होता. पण 'आम्ही तुमच्यात विरघळून जातो' ही जी साक्ष त्यांनी त्या दिवशी दिली, ती पुढे त्यांच्याच गळ्याशी आली, हे ध्यानात ठेवावयास हवे. निकाल लागला म्हणून शेजाऱ्यांचे मन निवळले असेही नाही. फ्रेस्नोत घरांच्या खरेदीखतांत आर्मेनियनांना हे घर विकू नये अशी कलमे घालीत. तसल्या कलमांची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले ते १९४८ साली.

या खटल्यांच्या काळातच आर्मेनियनांच्या इतिहासातील सर्वांत काळे पान लिहून झाले होते. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूल येथे शेकडो आर्मेनियन लेखक, वकील, पुढारी यांना अटक झाली. त्यानंतर महायुद्धाच्या आडोशाने तुर्की साम्राज्यातील तरुण तुर्क सरकारने गावेच्या गावे उठवून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली. पुरुषांची कत्तल झाली. स्त्रिया, मुले, वृद्ध वाटेत तहान-भूक-रोगांनी मेली. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत केले जातात. बहुसंख्य इतिहासकार याला वंशसंहार म्हणतात. तुर्कस्तानचे सरकार तो शब्द मान्य करीत नाही. लॉस एंजेलिसच्या आर्मेनियनांच्या पुढील साऱ्या सार्वजनिक जीवनाचा कणा या एका नकारात आहे.

या शहराचा संहाराच्या कथेशी आणखी एक संबंध आला तो चित्रपटामुळे. १९०१ साली जन्मलेली अरोरा मार्दिगानियन ही मुलगी आपले सारे कुटुंब गमावून अमेरिकेत पोहोचली. तिची हकीकत पुस्तकरूपाने निघाली आणि लगेच १९१९ साली तिचा बोलपट नव्हे, मूकपट झाला. चित्रण लॉस एंजेलिसच्या परिसरात झाले, आणि स्वतःची भूमिका त्या मुलीलाच करावयास लावली. चित्रणाच्या वेळी तिचा घोटा मोडला, तरी काम थांबविले नाही. पुढे गावोगावच्या खेळांना तिला उभे करीत. त्या ताणाने ती कोलमडली, तेव्हा तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली भाड्याने आणून खेळ चालू ठेवला. त्या चित्रपटामुळे निर्वासितांसाठी मदतीचा ओघ वाढला, हे खरे. 'निअर ईस्ट रिलीफ' या संस्थेने १९१५ ते १९३० या काळात ११ कोटी ६० लाख डॉलर जमविले आणि सुमारे १,३२,००० अनाथ मुलांचा सांभाळ केला. एवढी मोठी भूतदया क्वचितच पाहावयास मिळते. पण दयेची भीक आणि दुःखाचा बाजार यांच्यामधली भिंत किती पातळ असते, हे त्या मुलीच्या हालांवरून कळते. आयुष्याची अखेरची वर्षे तिने लॉस एंजेलिसमध्येच काढली. १९९४ साली ती वारली.

मदत मिळाली, पण दार बंद झाले. १९२४ च्या कायद्याने तुर्कस्तानच्या वाट्याला वर्षाला केवळ १०० माणसांचा प्रवेश ठेवला. वाचलेले आर्मेनियन मग बैरूत, हलब, तेहरान, मार्सेय अशा ठिकाणी विसावले. नव्या रक्ताचा पुरवठा थांबला, आणि थांबलेल्या पाण्यात जे होते तेच झाले. समाजात फूट पडली. एका बाजूस सोव्हिएत आर्मेनियातील एच्मियाद्झिनच्या धर्मपीठाशी निष्ठा ठेवणारे, दुसऱ्या बाजूस १९१८ ते १९२० या अल्पकाळाच्या स्वतंत्र प्रजासत्ताकाचा तिरंगा मिरविणारे. १९३३ च्या जुलैत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात आर्चबिशप तूरियन यांनी तो ध्वज काढल्याशिवाय व्यासपीठावर बोलण्यास नकार दिला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये, उपासनेच्या मिरवणुकीतच, त्यांचा भोसकून खून झाला. तेव्हापासून अमेरिकाभर चर्चे दुभंगली. १९५७ साली दुसऱ्या पक्षाने लेबनॉनमधील किलिकियाच्या पीठाचे छत्र पत्करले. लॉस एंजेलिसमध्येही एकच प्रार्थना, एकच लिपी, आणि तरी दोन निरनिराळ्या धर्मशासनांखालची चर्चे, अशी स्थिती झाली. घर गमावलेल्या माणसांनी उरलेल्या ओसरीच्याही वाटण्या कराव्या, याहून खेदाची गोष्ट कोणती? पण निर्वासितांच्या इतिहासात हे वारंवार आढळते. शत्रू दूर असतो, त्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही. मग राग शेजारच्या घरावर निघतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर दार किंचित किलकिले झाले. जर्मनीत स्टुटगार्टच्या छावणीत अडकलेल्या आर्मेनियनांसाठी सॅन फ्रान्सिस्कोचे खाणावळवाले जॉर्ज मार्दिकियन यांनी खटपट केली, आणि १९४८ च्या विस्थापितांच्या कायद्याखाली काही हजार माणसे अमेरिकेत आली. त्यांतील बरीच कुटुंबे लॉस एंजेलिसच्या पूर्वेस मॉन्टेबेलो येथे स्थायिक झाली. याच गावाच्या बागेत १९६८ च्या एप्रिलमध्ये संहारातील मृतांचे स्मारक उभे राहिले : आठ कमानींनी पेललेला ७५ फूट उंच सुळका. त्याआधी १९६४ साली एन्सिनो भागात 'होली मार्टर्स फेराहियन' ही अमेरिकेतील पहिली पूर्णवेळ आर्मेनियन शाळा निघाली होती. फ्रेस्नोत १९०८ साली सुरू झालेले 'अस्पारेझ' हे वृत्तपत्रही पुढे लॉस एंजेलिसला आले. जुन्या पिढीला वाटे, हे सारे अखेरचे दिवे आहेत. मुले इंग्रजी बोलत, 'ओदार' म्हणजे परक्याशी लग्न करीत, आडनावाच्या शेवटचे 'यान' गाळून टाकीत. या विरघळण्याला आर्मेनियन लोक 'पांढरी कत्तल' म्हणतात. १९२५ साली न्यायालयात पांढरे ठरण्यासाठी झगडलेल्या समाजाला आपल्या अंताचे वर्णन करण्यासाठी त्याच रंगाचे नाव आठवावे, यात इतिहासाचा क्रूर उपरोध आहे.

नेमके याच वेळी भरती सुरू झाली. १९६५ साली अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याचा जुना कायदा रद्द केला. १९७५ मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली व बैरूतचे आर्मेनियन निघाले. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली व तेहरान, इस्फहानचे निघाले. सोव्हिएत आर्मेनियातून १९७० नंतर जी कुटुंबे बाहेर पडू लागली, त्यांत काही अशीही होती की जी दुसऱ्या महायुद्धानंतर मायभूमीच्या ओढीने परदेशांतून तेथे राहावयास गेली होती आणि पस्तावली होती. १९८८ च्या ७ डिसेंबरला स्पिताकच्या भूकंपात पंचवीस हजारांवर माणसे मेली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, आर्मेनिया स्वतंत्र झाला आणि हलाखीही आली. या साऱ्यांच्या वाटा हॉलिवूडच्या पूर्व भागात येऊन मिळाल्या. तेथे खोल्या स्वस्त होत्या, चर्च होते, आणि दुकानात आपल्या भाषेत मीठ मागता येत असे.

येथे कोणाची समजूत होईल की, भाऊ भावाला भेटला व आनंदीआनंद झाला. तसे काही झाले नाही. बैरूतचा आर्मेनियन पश्चिमी बोली बोलणारा, इराण व येरेवानचा पूर्वेकडील बोली बोलणारा. एकाच नावाचा उच्चार पहिला 'गाराबेद' करणार, दुसरा 'कारापेत'. सोव्हिएत सरकारने शुद्धलेखनही बदलले होते, त्यामुळे इराणचा व येरेवानचा मनुष्य एकच बोली दोन तऱ्हांनी लिहिणार. अमेरिकेत जन्मलेल्याला हे सगळेच नवे, त्यांच्या गलक्याचा संकोच वाटणारे. सोव्हिएत राजवटीत वाढलेल्याला चर्चची सवय नव्हती. बैरूतकराचे सारे आयुष्य चर्च, शाळा, पक्ष आणि क्रीडासंघ यांत गेलेले. गरिबी होती, तरुणांच्या टोळ्या होत्या, पोलिसांशी तंटे होते. मग एक समाज झाला कसा? आमच्या मते त्याचे श्रेय मुख्यतः बैरूतच्या लोकांना द्यावयास हवे. तुर्कस्तानातून उखडल्यावर पन्नास वर्षे परमुलखात शाळा, चर्च, वृत्तपत्र, बालवीर पथक चालविण्याची विद्या त्यांनी कमावली होती. ती त्यांनी जशीच्या तशी कॅलिफोर्नियात आणली. १९६२ मध्ये बैरूतच्या बुर्ज हम्मूद वस्तीत निघालेले 'झांकू' हे भाजलेल्या कोंबडीचे दुकान हॉलिवूडमध्ये आले व लसणीच्या चटणीसाठी गावभर गाजले. पण त्याच लोकांनी त्याच वस्तीत शाळाही चालविली, आणि शाळेच्या बाकावर येरेवान, तेहरान व बैरूतची मुले शेजारी शेजारी बसली. मुलांची भांडणे झाली, मग मैत्री झाली, मग लग्ने झाली. लॉस एंजेलिसचा आर्मेनियन हा कोठून आणलेला नाही. तो तेथे घडला आहे.

या घडणीत एक काळीकुट्ट रेघही आहे, ती लपविणे इतिहासाला शोभणार नाही. १९७३ च्या जानेवारीत सत्तरी उलटलेल्या गुर्गेन यानिकियन याने सांता बार्बरा येथे लॉस एंजेलिसच्या तुर्की वकिलातीतील दोघा अधिकाऱ्यांना भेटीस बोलावून ठार मारले. त्यांची नावे मेहमेत बायदार आणि बहादूर देमिर. १९८२ च्या जानेवारीत वकील कमाल आरिकान यांचा लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर खून झाला. हे लोक १९१५ साली जन्मलेही नव्हते. समाजातील काहींनी मारेकऱ्यांना वीर मानले, काहींनी मान खाली घातली. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या अन्यायाने होत नाही. उलट जगाचे लक्ष मूळ दुःखावरून नव्या रक्ताकडे वळते, एवढेच तिने साधले.

सुदैवाने समाजाने दुसरी वाट धरली. १९८२ च्या निवडणुकीत लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांचा पराभव करून जॉर्ज ड्यूकमेजियन कॅलिफोर्नियाचे राज्यपाल झाले व १९९१ पर्यंत त्या पदावर होते. शेजारच्या ग्लेन्डेल शहरात १९८३ साली लॅरी झारियन नगरसभेवर निवडून आले. ग्लेन्डेल म्हणजे एके काळी कृष्णवर्णीयांना सूर्यास्तानंतर थांबू न देणारे गाव. अमेरिकन नाझी पक्षाने १९६० नंतरच्या दशकात तेथे कचेरी थाटली होती. आज सुमारे दोन लाख वस्तीच्या त्या शहरात दर पाचांतील जवळजवळ दोघे आर्मेनियन आहेत, आणि त्याच शहराच्या नगरसभेने २०२० साली आपल्या जुन्या वर्णद्वेषाबद्दल जाहीर माफी मागितली.

न्यायालयाच्या वाटेचे एक उदाहरण सांगतो. १९१५ पूर्वी तुर्कस्तानातील अनेक आर्मेनियनांनी 'न्यूयॉर्क लाइफ' या अमेरिकन कंपनीकडे आयुष्याचा विमा उतरविला होता. माणसे गेली, वारसही बहुधा गेले, आणि मृत्यूचा दाखला देणार कोण? पण काही घरांत ते कागद हातोहात जपले गेले. १९९९ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयात वारसांनी दावा लावला आणि २००४ मध्ये दोन कोटी डॉलरची तडजोड झाली. रक्कम मृतांच्या संख्येपुढे क्षुल्लक आहे. तथापि त्या कागदांवर नाव, गाव, तारीख होती. ज्यांचे मरणच नाकारले जाते, त्यांच्या जगण्याचा तो लेखी पुरावा होता.

२००० साली लॉस एंजेलिसच्या नगरसभेने पूर्व हॉलिवूडमधील वस्तीला 'लिटल आर्मेनिया' हे अधिकृत नाव दिले. गंमत अशी की, नाव मिळेपर्यंत ज्यांची ऐपत वाढली ते ग्लेन्डेल, बरबँक, खोऱ्यातील उपनगरे इकडे निघून गेले होते. एक वर्ष आधी त्याच भागाला लागून थाई लोकांच्या वस्तीलाही तसे नाव मिळाले होते. पाटी लागते तेव्हा माणसे पुढे गेलेली असतात, हा महानगरांचा नियमच दिसतो. पण त्याच गल्लीत २४ एप्रिल २०१५ रोजी, संहाराच्या शताब्दीला, माणसे पुन्हा जमली आणि तेथून सहा मैल तुर्की वकिलातीपर्यंत चालत गेली. पोलिसांच्या अंदाजाने त्यांची संख्या एक लाख तीस हजार होती. २०१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, आणि २०२१ च्या २४ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी, 'वंशसंहार' हा शब्द उच्चारला. एका शब्दासाठी शंभरांहून अधिक वर्षे!

मग आता पुढे काय? ज्या नकाराच्या विरुद्ध हा समाज एकवटला, त्या नकाराला अमेरिकेपुरते उत्तर मिळाले. संकटांचा ओघ मात्र थांबलेला नाही; २०२३ च्या सप्टेंबरात नागोर्नो-काराबाखमधून एक लाखांवर आर्मेनियन काही दिवसांत परागंदा झाले, आणि लॉस एंजेलिसच्या चर्चांतून पुन्हा वर्गण्या निघाल्या. तरी आपला वंश टिकावा म्हणून दुसरीकडे आग लागावी, अशी इच्छा कोणता शहाणा मनुष्य करील? युनेस्कोने २०१० मध्ये पश्चिमी आर्मेनियन बोलीची गणना निश्चितपणे धोक्यात असलेल्या भाषांत केली आहे. ती बोली ज्या गावांत जन्मली ती गावे आता नाहीत; तिला उरला आहे तो बैरूतसारख्या शहरांचा आणि लॉस एंजेलिसच्या शाळांचा आसरा. तेथील एखादा मुलगा दुपारच्या सुट्टीत इंग्रजी बोलतो की आर्मेनियन, यावर तिचे आयुष्य अवलंबून आहे.

स्मारके समाजाला एकत्र उभे करतात. पण वर्षातून एक दिवस. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस शाळेची फी भरणारा पालक, संध्याकाळचा वर्ग घेणारी शिक्षिका, चार पानांचे पत्र चालविणारा संपादक यांच्यावर भार असतो. या वसाहतीच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात आम्हांस जो अर्थ दिसतो तो इतकाच : शोकाने माणसे जवळ येतात, पण नित्याच्या कामाने ती एकत्र राहतात. शोक त्यांच्यावर लादला गेला. काम त्यांनी आपण होऊन पत्करले. आणि त्यांचे मोठेपण मोजावयाचे तर ते या दुसऱ्या गोष्टीवरून मोजले पाहिजे.